बिनपासवर्डाचे नाना

प्रत्येक तालुक्याच्या गावात एक नाना असतात. आमचे भोरात आहेत. मूळचे वेल्ह्याकडचे, उभी हयात पुण्यात कंपनीत गेली, निवृत्त झाल्यावर भोरात घर केलं. घराला कुलूप कधी दिसलं नाही. स्कूटरची किल्ली स्कूटरलाच. कुणीही यावं, चहा प्यावा, जाताना पायलीभर आंबेमोहोर घेऊन जावं.

पण नानांच्या टेबलावर तीन संगणक आहेत आणि तिथं त्यांचा कारभार निराळा. विंडोजवाला ‘तोरणा’, उबुंटूवाला ‘वेल्हे’ आणि लेकीनं जुना म्हणून दिलेला मॅक ‘रोहिडा’. बसल्या जागेवरून हात तिन्हींना पोचतो. नानांना मात्र वेल्ह्यावर बसूनच तोरण्यात शिरायचं असतं, आणि तेही पासवर्ड न टाकता.

“पासवर्ड म्हणजे राजगडाच्या पाली दरवाज्यात उभं राहून आपलं नाव ओरडणं,” नाना सांगतात. “पंच्याण्णव साली हेलसिंकीच्या तंत्रज्ञान विद्यापीठात कुणीतरी तारेवरून उघडे जाणारे पासवर्ड टिपले, तेव्हा तातू युलोनेननं एका संगणकातून दुसऱ्यात सुरक्षित शिरायला हे एसएसएच काढलं. त्यात किल्लीची सोय आहे. आपल्या राजगडाचा चोरदरवाजाच म्हण.”

“पण नाना, चोरदरवाज्यानं चोरच यायचे ना?”

नाना चष्म्यावरून बघतात आणि काकूंना चहाचं सांगतात.

जोडी दोन किल्ल्यांची. सार्वजनिक किल्ली ज्या संगणकात शिरायचं तिथं नेऊन ठेवायची, खाजगी आपल्याजवळ. मॅकनं त्रास दिला नाही; ‘रिमोट लॉगिन’ चालू केलं की झालं. उबुंटू सोवळ्यातला: किल्ल्यांच्या फोल्डरला 700, फाइलला 600, दुसऱ्या कुणाला हात लावायची मुभा दिसली की किल्लीच मानत नाही. स्कूटर गावावर सोडणारा हा माणूस तिथं एकेक परवानगी तीनतीनदा तपासतो.

विंडोजनं मात्र नानांचा अख्खा श्रावण खाल्ला. किल्ली बरोबर, फाइल बरोबर, जागाही बरोबर, तरी तोरणा पासवर्ड मागतोच. शेवटी उलगडा झाला. खातं ॲडमिनिस्ट्रेटरचं असलं की विंडोज त्या माणसाच्या फोल्डरात बघतच नाही; प्रोग्रामडेटामधल्या एसएसएचच्या फोल्डरात ‘ॲडमिनिस्ट्रेटर्स ऑथराइज्ड कीज’ नावाची वेगळी फाइल शोधतो. नानांनी ती केली, तर नोटपॅडनं तिला गुपचूप ‘टीएक्सटी’चं शेपूट लावलं. त्या दिवशी नाना जेवले नाहीत.

मार्च 2024 मध्ये मंत्रिमंडळानं वेल्हे तालुक्याला राजगड नाव द्यायचं ठरवलं. नानांनी त्याच आठवड्यात उबुंटूचं बारसं केलं. मॅकवरून ‘राजगड’मध्ये जायला गेले तर मॅक म्हणाला, हा कोण, मी ओळखत नाही, पण खाली पुस्ती जोडली की ही किल्ली दुसऱ्या एका नावानं माहीत आहे. “बघ! नाव बदललं तरी माणूस ओळखला!” नाना दिवसभर येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत होते.

मग कुणीतरी शंका काढली, संगणकच चोरीला गेला तर? नानांनी खाजगी किल्लीलाच एक परवलीचं वाक्य लावलं. चांगलं लांबलचक. एकदा टाकलं की एसएसएचचा एजंट नावाचा प्रोग्राम किल्ली उघडी लक्षात ठेवतो, पण संगणक बंद पडला की विसरतो. आणि पावसाळ्यात भोरातली वीज किती वेळा जाते, हे भोरकरांना सांगायला नको.

“आधी आठ अक्षरं बडवायचे,” काकू म्हणाल्या, “आता अख्खी ओळ बडवतात.”

तेव्हा सातबाऱ्याची प्रिंट हवी असेल तर नानांकडे खुशाल जा, चहा नक्की मिळेल. फक्त पेनड्राइव्ह घेऊन जा, आणि तो काकूंच्या हातात द्या.