कुलूप पक्के, पाटी बाहेर

‘पास’ हे जेसन डोनेनफेल्ड यांनी लिहिलेले पासवर्ड सांभाळणारे साधन. त्यात बटणे नाहीत, रंगरंगोटी नाही. काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करायची. प्रत्येक पासवर्डची वेगळी फाइल आणि ती जीपीजी या कूटलेखन साधनाने कुलूपबंद. ‘पास जनरेट’ म्हटले की २५ अक्षरांचा असा पासवर्ड निघतो की खुद्द मालकालाही तो पाठ होऊ नये. तो क्लिपबोर्डवर मागवला तर ४५ सेकंदांत आपोआप पुसला जातो. निवडणुकीतली आश्वासने याहून थोडी जास्त टिकतात.

बंदोबस्त चोख. फक्त फाइलींची नावे उघडी राहतात. म्हणजे लॅपटॉप हाती लागलेल्या चोराला पासवर्ड मिळत नाही. पण खाते कोणत्या बँकेत, कर्ज कुठल्या ॲपचे आणि लग्नाला दहा वर्षे होऊनही वधूवर सूचक मंडळात नाव कशाला, हे सगळे यादीत वाचता येते.

एवढी तटबंदी उभारून आमचा तंत्रज्ञ निवांत बसतो. तेवढ्यात फोन येतो : ‘सर, केवायसी अपडेट करायचंय, ओटीपी सांगता का?’ सर सांगतात. समोरच्याला नीट ऐकू यावे म्हणून दोनदा सांगतात. जिभेला कुलूप घालणारी आज्ञा अजून कोणी लिहिलेली नाही.