दुधाच्या पिशवीचं पुण्य

दुधाची पिशवी कापताना कोपऱ्याचा तुकडा पार तोडायचा नाही, लोंबता ठेवायचा. सुटा तुकडा कचऱ्यात हरवतो, पिशवीला चिकटून राहिला तर तिच्यासोबत भंगारात जातो. अगदी खरं आहे. आमच्या सोसायटीतल्या एका काकांनी हे व्रत इतकं मनावर घेतलंय की रिकामी पिशवी विसळून, उलटी करून, बाल्कनीतल्या दोरीवर चिमटा लावून वाळत घालतात. मग सात माणसं मावतील अशा गाडीतून एकटेच लोणावळ्याला भजी खायला जातात. एक लिटर पेट्रोल जळलं की सव्वादोन किलोच्या वर कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. पिशवी भरते जेमतेम काही ग्रॅम. पण पुण्य कुठे वजनावर मिळतं?

२०१८ साली राज्यात प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली, तेव्हापासून त्यांच्या घरात कापडी पिशव्या इतक्या साठल्या की त्यांच्यासाठी कपाट घ्यावं लागलं. (ऑनलाइन मागवलं. थर्माकोल सोबत आलं ते वेगळं.)

म्हणून विसळणं सोडा, असं मात्र नाही हं. सुका कचरा स्वच्छ मिळाला तर कचरा वेचणाऱ्या ताईंना खरकट्यात हात घालावा लागत नाही. तेवढ्यासाठी तरी विसळाच. लोणावळ्याच्या फेऱ्या पिशवीच्या खात्यात मांडू नका, इतकंच. काकांना हे सुचवून पाहिलं. ते म्हणाले, "अहो, इलेक्ट्रिक बुक केलीय ना! ही राहील खाली, पाहुण्यारावळ्यांना."