आधी मोबाईलला काट्यावर बसवा

अंगणवाडीत वजनकाटा असतो आणि त्यावर पोरांना बसवतात. ही पद्धत आता जुनी झाली. आमच्या आदिलाबाद जिल्ह्यात यापुढे आधी सरकारी मोबाईलला बसवावे, अशी आमची नम्र सूचना आहे.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, तेव्हा लाभार्थी ठरले होते: सहा वर्षांखालची मुले, गरोदर बाया आणि स्तनदा माता. पुढे या यादीत गुपचूप आणखी एक नाव चढले. हा लाभार्थी रडत नाही, तापतो. खाऊ मागत नाही, नेट मागतो. पोरांच्या आधी त्याचे पोट भरले नाही, तर सगळी अंगणवाडी उपाशी.

या जातीच्या कुपोषणाची मोठी साथ पैनगंगेपलीकडे येऊन गेली. महाराष्ट्राने सेविकांना लाखाच्या वर मोबाईल वाटले, रॅम २ जीबी. १ मार्च २०२१ ला केंद्राचे ‘पोषण ट्रॅकर’ अ‍ॅप आले, तेही इंग्रजीत. एवढ्याशा पोटात ते पचेना. मोबाईल तापले, अडकले, दुरुस्तीचा खर्च सेविकांच्या माथी आला. शेवटी ऑगस्ट २०२१ मध्ये बायांनी मोर्चे काढून मोबाईल कचेऱ्यांत परत नेऊन दिले. फुकटचे मिळाले की दोन्ही हातांनी घ्यावे, ही आपली थोर परंपरा बायांनी मोडली, याचे सरकारला फार वाईट वाटले असणार.

नवा मोबाईल आला की सुटलो, असे कोणाला वाटेल. बेला मंडलातल्या एखाद्या गावी टीचरबाईंना तो मिळाला असे समजा. (तेलंगणात सेविकेला टीचर म्हणतात, हुद्दा वाढवायला पैसे पडत नाहीत.) जुना जमा करायचा, सोबत चार्जर, केबल आणि खोकेसुद्धा. खोक्यात तर बाईंनी कधीच सुईदोरा भरला. आता लेखी खुलासा द्या.

तेवढ्यात एक आई लेकराच्या पूरक आहाराची, बालामृतमची, अडीच किलोची पिशवी न्यायला येते. डिसेंबरची थंडी, तोंडाला मफलर. १ जुलै २०२५ पासून घरी न्यायच्या आहारासाठी मोबाईलवर चेहरा जुळणे सक्तीचे.

“मफलर काढ वं माय.”

“काढला नं टीचर.”

“मोबाईल म्हणते, ही तू नाहीस.”

“आधारचा फोटू लग्नाच्या आधीचा हाय. तवा अंगात रगत होतं.”

वर ओटीपीही लागतो, आणि तो नवऱ्याच्या मोबाईलवर जातो. नवरा आदिलाबादच्या बाजार समितीत, कापसाच्या गाडीवर, रांगेत. त्याची बॅटरी उतरलेली. कडेवरचे पोर मात्र नियम न पाळता पिशवीचा कोपरा चघळू लागते.

यंत्राची हुशारी इथेच बघावी. बाई वाळली म्हणून चेहरा जुळत नाही. चेहरा जुळत नाही म्हणून आहार मिळत नाही. आहार मिळत नाही म्हणून ती आणखी वाळते, म्हणजे पुढच्या महिन्यात जुळण्याची भीतीच नको. आणि जी जुळली नाही ती नोंदीत नाही, जी नोंदीत नाही ती कुपोषितही नाही. तक्ता सुधारायला इतका स्वस्त आहार आजवर कोणत्याही आहारतज्ज्ञाला सुचला नव्हता.