बुरुजाहून उंच मावळा

दिवाळीच्या किल्ल्यावरचा मावळा बुरुजापेक्षा उंच असतो, आणि ही गोष्ट महाराष्ट्रात कोणालाही खटकत नाही. महादरवाजातून तो वाकूनसुद्धा आत जाणार नाही. शेजारची दहीवाली गवळण त्याच्या दीडपट. गुहेतला वाघ तोफेहून लांब. मोहरीचं हिरवंगार शेत राखणाऱ्या शेतकऱ्याच्या कमरेएवढी मोहरी दोन दिवसांत वाढते आणि चौथ्या दिवशी शेतकरी दिसेनासा होतो. बोईसरच्या एका चाळीत मी पहारेकऱ्यांच्या रांगेत बॅट घेतलेला प्लॅस्टिकचा क्रिकेटपटू पाहिला आहे. हा कोण, असं विचारलं तर किल्लेदार म्हणाला, "काका, तो गदावाला आहे." किल्लेदाराचं वय आठ असेल. यावर इतिहास संशोधक मंडळाकडेही उत्तर नसावं.

माझ्या भाच्याला मात्र हे चालत नाही. तो पामला राहतो आणि एमआयडीसीतल्या एका औषध कंपनीत क्वालिटी कंट्रोलला आहे. दिवसभर मोजमाप करून ज्याचं समाधान होत नाही, अशा माणसाला छंदही तसाच लागतो. त्याच्या कपाटात पुस्तकांच्या जागी जादूगार, बुटके, सांगाडे, तलवारवाल्या बायका आणि एक पंख पसरलेला लाल ड्रॅगन असे सगळे दाटीवाटीने उभे आहेत. प्रत्येक माणूस पायापासून डोळ्यांपर्यंत साधारण 28 मिलिमीटर. डोक्यापर्यंत का मोजत नाहीत? तर शिरस्त्राणं आणि टोप्या लहानमोठ्या असतात, म्हणून. पटावरचा एक इंचाचा चौकोन म्हणजे पाच फूट जमीन. ड्रॅगन मोठा असला तर त्याने किती चौकोन अडवायचे, हेही ठरलेलं. मी कौतुकाने एक जादूगार उचलला तर भाचा ओरडला, "मामा, बेसला धरा, अंगाला नको!" बोटांना तेल असतं, त्याने रंग जातो म्हणे.

या खेळाचं नाव 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. आपल्याकडच्या पुष्कळ पोरांना तो 2016 साली आलेल्या 'स्ट्रेंजर थिंग्ज' मालिकेतून कळला. तिच्या पहिल्याच भागात चार मुलं तळघरात हाच खेळ खेळत बसलेली असतात. चारपाच जण टेबलाभोवती बसतात, प्रत्येक जण एकेक पात्र घेतो, आणि एक जण गोष्ट सांगतो. त्याला डीएम म्हणतात. "समोर दार आहे, आतून घोरण्याचा आवाज येतोय, काय करता?" असं तो विचारतो. तुम्ही काय करायचं ते सांगता आणि वीस बाजूंचा फासा टाकता. फासा सांगतो जमलं की नाही. वीस पडले की पोरं "नॅट ट्वेंटी!" म्हणून अशी आरोळी ठोकतात की खालच्या मजल्यावरचे सेकंड शिफ्टवाले दार वाजवायला येतात.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी 1974 साली अमेरिकेत हा खेळ बाजारात आणला. गायगॅक्सची विमा कंपनीतली नोकरी गेली होती आणि तो घराच्या तळघरात बूट-चपला दुरुस्त करून संसार चालवत होता, हे वाचल्यापासून माझं या खेळाबद्दलचं मत एकदम सुधारलं. पहिल्या आवृत्तीचे 1000 खोके होते, आणि तेही घरात बसून भरलेले. राक्षसांचं म्हणाल तर त्यांचा जन्म त्याहून साधा. हाँगकाँगमध्ये बनलेल्या स्वस्त प्लॅस्टिक खेळण्यांची एक पिशवी गायगॅक्सच्या हाती लागली. त्यातले विचित्र प्राणी नेमके कोण, हे पिशवीवर लिहिलेलं नव्हतं, म्हणून त्याने स्वतःच ठरवलं. एक झाला घुबडाच्या तोंडाचं अस्वल. दुसरा लोखंड खाणारा राक्षस. तो शिवला की ढाल-तलवारीचा गंज होऊन पडतो. (तारापूरच्या खाऱ्या हवेत खिडकीला ग्रिल बसवलेल्या माणसाला याची वेगळी ओळख करून द्यायला नको.) आज या प्राण्यांच्या सुबक मूर्ती महाग किमतीला विकल्या जातात. मूळपुरुष मात्र पिशवीतला, नाव-गाव नसलेला. म्हणजे आमचा बॅटवाला पहारेकरी काही अगदीच परंपरा सोडून नाही.

भाचा हल्ली मूर्ती विकत कमी घेतो. त्याने रेझिनचा थ्रीडी प्रिंटर आणला आहे. रात्री झोपताना फाइल लावून ठेवायची, सकाळी उलटे टांगलेले चार सांगाडे तयार. ते धुवायचे, उन्हात कडक करायचे, आधाराच्या काड्या कापायच्या. यातून झालं असं की सैन्य वाढण्याचा वेग रंगवण्याच्या वेगाच्या कितीतरी पुढे गेला. पलंगाखाली तीन खोकी भरून करडे, बिनरंगाचे लोक पडून आहेत. जगभरच्या या छंदिष्टांची हीच दशा आहे, असं तो अभिमानाने सांगतो. ताईला, म्हणजे त्याच्या आईला, जगाचं काही पडलेलं नाही. मागच्या गौरींना तिला मखरात ऋषी हवा होता, तर तिने कपाटातून पांढऱ्या दाढीचा, हातात काठी घेतलेला एक इसम उचलून थेट आश्रमाच्या देखाव्यात नेऊन बसवला. हळदीकुंकवाला आलेल्या बायकांनी त्याला वाल्मीकी समजून हात जोडले. तो मुळात आगीचे गोळे फेकणारा जादूगार. भाचा दोन दिवस चिडून होता. मला विचाराल तर त्या जादूगाराच्या आयुष्यातला तो सर्वांत सन्मानाचा प्रसंग असावा.

रंगवताना पाहावं तर मात्र भाच्याला नमस्कार करावासा वाटतो. आधी प्रायमरचा फवारा. मग अंगरख्याचा, कातडीचा, लोखंडाचा सपाट रंग. मग पाण्यासारखा पातळ काळपट रंग सगळ्या अंगावरून सोडायचा. तो कपड्याच्या चुण्यांत, बोटांच्या फटींत, चिलखताच्या कड्यांत आपोआप उतरून बसतो आणि इतका वेळ ठोकळा दिसणाऱ्या त्या जीवाला एकदम हाडं-मांस येतं. नंतर ब्रश कागदावर पुसून जवळजवळ कोरडा करायचा आणि फक्त उंचवट्यांवरून फिरवायचा, की कडा उजळतात. सर्वांत शेवटी डोळे. गणपतीच्या कारखान्यात या कामाला आखणी म्हणतात आणि ते कोणाच्याही हाती देत नाहीत. मूर्ती पाहते आहे की नुसती बसली आहे, हे आखणीवर ठरतं. इथे तर सगळा चेहराच तुरीच्या दाण्याएवढा. भाचा कोपर टेबलाला टेकवतो, श्वास धरतो, पांढरी रेघ ओढतो आणि तीवर काळा ठिपका ठेवतो. ठिपका जरा सरकला की शूरवीर तिरळा. तसे तीन तिरळे शूरवीर मागच्या रांगेत आहेत.

आमच्या भागाला हे बारीक काम नवं नाही. चिंचणी-वाणगावच्या पट्ट्यात दागिन्यांचे साचे कोरणारे डायमेकर घरोघर होते आणि आहेत. पोलादाच्या ठोकळ्यावर मोराचा पिसारा उलटा कोरायचा, तोही नखाएवढ्या जागेत. त्यांच्यापैकी एकाला मी भाच्याचा ड्रॅगन नेऊन दाखवला. त्याने डोळ्याला भिंग लावून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाला, "खवले एकसारखे नाहीत." भाच्याला मी हे अजून सांगितलेलं नाही.

आता मुद्द्याचं. आपल्या मावळ्यात आणि त्यांच्या वीरात खरा फरक उंचीचा नाही. आपला मावळा जागचा हलत नाही. वसुबारसेला त्याला बुरुजावर रोवलं की भाऊबीज होईपर्यंत तो तिथेच. समोर तोफ आहे, खाली शत्रू आहे, दोघं चार दिवस एकमेकांकडे बघत उभे. पोरांचे हात शिवशिवत असतात. एकाने जरी मावळा उचलून दोरावरून चढवायला घेतला, की गॅलरीतून आवाज येतोच: "हात लावू नका रे, रंग जाईल! उद्या परीक्षक यायचेत!" स्पर्धेचे परीक्षक येतात, तटबंदी बघतात, कारंजं बघतात, मोहरी किती वाढली तेही बघतात आणि जातात. इतकी माणसं, इतकी हत्यारं आणि घडत काहीच नाही. भाच्याच्या पटावरचा माणूस दर खेपेला सरकतो, पडतो, जखमी होतो, कधी मरतोही. त्याच्याकडच्या एका बुटक्याची कुऱ्हाड मोडली आहे. ती चिकटवायला तो तयार नाही, कारण कोणत्या रात्री, कोणत्या पुलावर आणि कोणाला वाचवताना मोडली, हे टेबलावरच्या सगळ्यांना पाठ आहे. खरं तर ती खोक्यातून काढताना मोडली होती.

एच. जी. वेल्ससारख्या लेखकाने 1913 साली खेळण्यातल्या सैनिकांच्या लढाईवर 'लिटल वॉर्स' नावाचं पुस्तकच लिहिलं. स्प्रिंगची छोटी तोफ, लाकडी गोळे आणि दिवाणखान्याची जमीन. खेळणाऱ्याचं वय बारा ते दीडशे असावं, असं त्याने उपशीर्षकातच नोंदवून ठेवलं आहे. त्याच्याही आधी, 1824 साली, प्रशियाच्या सैन्यात राइसवित्स नावाच्या अधिकाऱ्याने नकाशा, ठोकळे आणि फासे घेऊन अधिकाऱ्यांना लढाया खेळायला लावल्या होत्या. मध्ये एक पंच बसायचा. आजच्या डीएमचा तो पणजोबा. सोंग घेण्याचं म्हणाल तर त्यासाठी प्रशियापर्यंत जायला नको. आमच्याच जिल्ह्यात जव्हार-मोखाड्याकडे बोहाडा होतो. संबळाच्या तालावर रात्रभर एकेक सोंग येतं, गणपती, रावण, नरसिंह. मुखवटा चढला की रोज शेतावर दिसणारा माणूस त्या रात्रीपुरता राक्षस होऊन नाचतो, आणि गाव त्याला राक्षसच मानतं. म्हणजे सोंग आपल्याकडे आहे, पट आणि फासे तर सारीपाटापासून आहेत, मूर्ती रंगवणारे हात आहेत. तिघांची गाठ मात्र कोणी घालून दिली नाही.

ती घालायला जागाही घराजवळच आहे. पालघर जिल्हा 1 ऑगस्ट 2014 ला वेगळा झाला, पण आमची पोरं दिवाळीत अजून रायगड नाहीतर प्रतापगडच करतात. करावेतच. पण बोईसरहून रिक्षाने जाता येईल अशा अंतरावर तारापूरचा किल्ला आहे, आणि तो कोणी केलेला मी पाहिलेला नाही. चिमाजी अप्पांच्या वसईच्या मोहिमेत, जानेवारी 1739 मध्ये, माहीम, केळवे, शिरगाव अशी एकेक ठाणी घेत मराठे तारापूरवर आले. पोर्तुगीज चिवट होते. सुरुंग लागले, शिड्या लागल्या, तटावर हातघाई झाली आणि किल्ला पडला. त्या लढाईत बाजी भिवराव रेठरेकर कामी आले. पुढे मे महिन्यात वसई पडली. एवढी मोठी गोष्ट शेजारी, आणि आम्ही तिथून चिंचणीच्या चौपाटीवर भजी खायला जातो.

भाच्याने यावर नियम लिहायला घेतले आहेत. सुरुंगाला वेगळा फासा. कमी पडले तर वात विझली, फारच कमी पडले तर सुरुंग लावणाऱ्यावरच उलटला. शिडीवर एका वेळी एकच मावळा. पोर्तुगीजांची बाजू कोणीतरी घ्यायचीच, रुसायचं नाही. आमच्या शेजारच्या एका गृहस्थांना हे आवडलं नाही. "इतिहासाशी फाशांनी खेळता?" असं त्यांनी विचारलं. शंका रास्त होती. भाचा म्हणाला, "काका, महाराजांची मूर्ती सिंहासनावरून हलवायची नाही, हा पहिला नियम. आणि बाजी भिवरावांसाठी फासा टाकायचा नाही. ते पडणार, हे ठरलेलं आहे. ते पडल्यावर बाकीच्यांनी काय करायचं, एवढंच पोरांनी ठरवायचं." गृहस्थ थोडा वेळ गप्प राहिले आणि मग शिड्या किती, ते विचारू लागले.

तेव्हा पालघर-बोईसरकरांना माझी एवढीच विनंती आहे. या दिवाळीत निदान एका आळीत तारापूरचा किल्ला होऊ द्या. खाडी दाखवायला निळा प्लॅस्टिकचा कागद पुरेल. मावळा बुरुजाहून उंच असला तरी हरकत नाही. भाच्याची समजूत मी घालीन. परीक्षक येऊन गेले की पोरांच्या हातात एक फासा द्या, वीस बाजूंचा नसेल तर साधा सापशिडीतला द्या, आणि गॅलरीतून ओरडू नका. रंग गेला तर जाऊ दे. पोस्टर कलरची बाटली कोणत्याही स्टेशनरीच्या दुकानात मिळते.