सफाई फुकट, दुरुस्तीचे पैसे

घरचा कॉम्प्युटर जरा मंदावला की आपल्याला डॉक्टर नको, वैदू हवा असतो, तोही फुकट. डाउनलोडच्या पानावर हिरवीगार बटणं चार, त्यातलं खरं एक, आणि नेमकं तेच हिरवं नसतं. 'नेक्स्ट, नेक्स्ट' करत गेलं की ब्राउझरला नवा टूलबार आणि न मागितलेला अँटिव्हायरस चिकटतो. नको म्हणायची सोय असते म्हणा. फिक्या राखाडी अक्षरांत, आधीच टिक केलेल्या चौकटीशेजारी.

मग तपासणी. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या वहीत, शेकडो 'गंभीर त्रुटी' निघतात. कालच विंडोज टाकलेल्या कोऱ्या मशीनवरही निघतात! शोधणं फुकट, दुरुस्तीला कार्ड नंबर. असले रजिस्ट्री क्लीनर वापरायला मायक्रोसॉफ्टचा पाठिंबा नाही, पण त्यांचं ऐकतो कोण? डिस्क क्लीनअप विंडोजमध्येच पडून आहे. ते लाल आकडे दाखवून घाबरवत नाही, म्हणून त्याच्यावर विश्वास बसत नाही.

2017 मध्ये तर सीक्लीनर या नामांकित सफाई प्रोग्रामच्या 5.33 या आवृत्तीतच मालवेअर घुसलं आणि 22 लाखांहून अधिक जणांनी ते आपल्या हातांनी घरात घेतलं. सीक्लीनरची कंपनी तेव्हा नुकतीच अवास्ट या अँटिव्हायरसवाल्यांच्या ताब्यात गेलेली. त्याच अवास्टवर 2024 मध्ये, ग्राहकांची ब्राउझिंगची माहिती विकल्याबद्दल, अमेरिकेत 1 कोटी 65 लाख डॉलर भरायची वेळ आली.

सगळंच फुकट असं नसतं: फाइली दाबून लहान करणारं सेव्हन-झिप मात्र 1999 पासून निमूट काम करतंय. ना जाहिरात, ना धड चेहरा. आणि त्याच कामाचा विनरार? 40 दिवसांची मुदत संपून वर्षं लोटली, तरी रोज अदबीने पैसे मागतो आणि उत्तराची वाट न बघता कामाला लागतो.