आधी प्लग, मग शिव्या

नगरच्या कायनेटिकने 1972 साली लुना आणली आणि महाराष्ट्रात एक नवा व्यायामप्रकार रुजला: गाडी स्टँडवर चढवून घाम फुटेपर्यंत पेडल मारणे. काही वेळात शेजारी सल्लागार होतात आणि शेवटी ‘भंगारात घाला हिला’ असा ठराव एकमताने मंजूर होतो. माझं म्हणणं एवढंच, की जुनी लुना सुरू होत नाही ती वयामुळे कमी आणि मालकाच्या उतावळेपणामुळे जास्त. टू-स्ट्रोक इंजिनाला ठिणगी, पेट्रोल आणि कॉम्प्रेशन एवढंच लागतं. लुनाच्याच सुमारास जपानच्या कावासाकीने पाण्यावर पळणारी जेट-स्की काढली. तिच्याही पोटात टू-स्ट्रोकच होतं. म्हणजे समुद्रातल्या शेठचं आणि दौंड रस्त्यावरच्या मास्तरांचं दुखणं एकच. फरक इतकाच, की मास्तरांना गाडी ढकलत घरी नेता येत होती.

निम्मं निदान प्लग काढताच होतं. तो ओला निघाला तर पेट्रोल पोचतंय. ठिणगी पडत नसेल, नाहीतर चोक ओढून ओढून आपणच सिलिंडर बुडवला असेल. कोरडा निघाला तर पेट्रोल वाटेत अडलंय: कॉक बंद किंवा कार्बोरेटरचा जेट तुंबलेला. गाडी महिनोन् महिने उभी राहिली की पेट्रोल उडून जातं आणि त्यात मिसळलेलं ऑइल चिकट होऊन मागे उरतं. ठिणगी बघायला प्लग वायरीला जोडून सिलिंडर हेडला टेकवावा आणि पेडल मारावं. निळी, टपोरी ठिणगी आली तर ठीक. मरतुकडी आली तर आधी प्लग बदलावा, मग पॉइंट साफ करावा. आसपास पेट्रोल सांडलेलं असताना मात्र हा प्रयोग नको. पेट घ्यायचा तो इंजिनाच्या आत. हे सगळं ठीक असूनही गाडी ढिम्म असेल, तरच पिस्टनच्या रिंगा आणि क्रँकचं ऑइल सील बघावं. या इंजिनात पेट्रोल क्रँककेसमधून वर जातं, त्यामुळे सील फाटलं की ते नुसती हवाच ओढतं. वयाचा खरा आजार हा, आणि आपण सुरुवात करतो ती नेमकी इथून.

कुणी म्हणेल, दोष हल्लीच्या पेट्रोलचा आहे. थोडा आहेच. त्यात आता 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते ओल धरतं आणि जुन्या रबरी नळ्यांना सोसत नाही. गंमत अशी, की प्रवरानगरपासून सहकारी साखर कारखाने ज्या जिल्ह्यात फोफावले, तोच जिल्हा लुनाचं माहेर. तिला छळणारं रसायनही माहेरच्याच उसाचं! पण याचा इलाज सोपा आहे: कार्बोरेटरमधलं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढावं. तळाशी वेगळा थर दिसला तर पाणी शिरलंय. टाकी रिकामी करून ताजं पेट्रोल भरावं. दुसरा आक्षेप असा, की मग मेकॅनिक कशाला आहे? तो हवाच, पण तोही आधी प्लगच काढतो, आणि आपण चहा आणायला गेलेलो असतो. तिसरा म्हणतो, आता विजेवरची लुना मिळते, तीच घ्या. जरूर घ्या, पण चालू होऊ शकणारी गाडी किलोच्या भावाने विकण्याला आधुनिकता म्हणू नका. भंगारवाल्याला हाक मारण्याआधी प्लगपाना हातात घ्या.