साहेबाची साखरदाणी

चिखल्यात टक्क्यांशिवाय पान हलत नाही. मॅंगनीजच्या खाणीचं गाव. ढेला उचलून त्याचा ग्रेड सांगणारी माणसं इथे घरोघरी. आमचे मोठेबाबा त्यांतले अव्वल. जावयाची पारखही त्यांनी टक्क्यांतच केली होती. (पस्तीस. जावयाला अजून सांगितलेलं नाही.)

अशा घरात कपाटाच्या काचेआड एक साखरदाणी मात्र सॅम्पल न तपासता पिढ्यान्‌पिढ्या बसली होती. खाण 1962 साली सरकारकडे येण्याआधी इंग्रज कंपनीची होती. त्या काळातल्या कुणा साहेबाने मायदेशी जाताना ती आमच्या पणजोबांना दिली. चांदीची, अर्थातच. ती काळी पडते याचं खापर मोठीआई खाणीच्या धुळीवर फोडते. चांदीला काळं करतं हवेतलं गंधक, पण चिखल्यात काळ्या रंगाचं श्रेय दुसऱ्या कुणाला मिळणं अवघड.

बुडाशी चार शिक्के होते, प्रत्येक वेगळ्या ढालीत. मोठेबाबांच्या लेखी ती राजमुद्रा. ई आणि पी म्हणजे एडवर्ड प्रिन्स. एन आणि एस म्हणजे नागपूर स्टेशन, माल तिथे उतरला म्हणून.

मी भिंग आणलं. इंग्रजांच्या चांदीवर चालता सिंह असला की शेकडा साडेब्याण्णव चांदी. जहाजाचा नांगर असेल तर बर्मिंगहॅमची, बिबट्याचं तोंड असेल तर लंडनची. सोबतचं अक्षर साल सांगतं. दरवर्षी अक्षर बदलायचं, वर्णमाला संपली की ठसा बदलून पुन्हा पहिल्यापासून. राजाराणीचं मुंडकंही असलं, तर बहुधा कर भरलेला आणि वस्तू 1890 पर्यंतची. आमच्या साखरदाणीवर सिंह सोडा, मांजरही नव्हतं. होती ती ई.पी.एन.एस. ही अक्षरं. म्हणजे आत तांबं, निकेल आणि जस्त, वरून विजेने चढवलेला चांदीचा पातळ थर. बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टनने 1840 मध्ये या मुलाम्याचं पेटंट घेतलं. अक्षरं वेगवेगळ्या ढालींत छापायची खुबी अशी की, लांबून अस्सल शिक्केच वाटावेत.

"टक्के किती?" मोठेबाबांनी विचारलं.

"थर सोडला तर शून्य."

"अशा ग्रेडचा माल आमी डंपवर फेकत होतो!" साहेब एका मिनिटात गेला डंपवर.

मग मोठीआईने डब्यातून पणजीचा कलदारांचा, म्हणजे चांदीच्या जुन्या रुपयांचा, हार काढला. त्यावर हॉलमार्क कुठून येणार? भारतात चांदीवर अधिकृत हॉलमार्क 2005 पासून, आणि सहा अक्षरांचा ओळख क्रमांक तर 2025 च्या सप्टेंबरपासून, तोही ऐच्छिक. पण हारातल्या प्रत्येक रुपयावर टांकसाळीने शुद्धतेची हमी आणि साल दोन्ही आधीच ठोकलेलं. एक रुपया म्हणजे एक तोळा, 11.66 ग्रॅम, त्यात बारातले अकरा भाग चांदी. 1940 मध्ये ती निम्म्यावर आली, 1947 मध्ये रुपया निकेलचा झाला. तुमसरच्या सराफाने तूट धरायची म्हटलं तरी त्याला आधी हा हिशोब ऐकावा लागेल.

हार नागपूरच्या भोसल्यांच्या काळातला, असं मोठीआईचं म्हणणं. पण त्यांचं राज्य 1854 लाच खालसा झालं, आणि हारात राणीचा 1862 चा रुपया होता. हे सालही फसवं, कारण 1862 घातलेले रुपये पुढे कित्येक वर्षं पाडले जात होते. हाराचं वय मात्र सगळ्यांत तरण्या नाण्यावरून धरायचं. ते निघालं 1919 चं. त्याआधी हा हार ओवलेला असणं शक्यच नाही.

भोसले गेल्याने मोठीआई रुसली. तिला खूश करायला मी 1911 च्या रुपयाची गोष्ट सांगितली. पंचम जॉर्जच्या झग्यावरचा हत्ती त्यात असा काही उमटला की लोकांना तो डुक्कर वाटला. बोभाटा झाला, नाणी मागे घेतली, 1912 पासून हत्तीला नीट सोंड मिळाली. तो रुपया आज इतरांपेक्षा महाग जातो, असं मी म्हणताच सगळं घर भिंगासाठी भांडू लागलं. जावई सगळ्यांत पुढे. सगळ्यांत जुना जॉर्ज सापडला तो 1912 चा, सोंडेसकट.

"बरं झालं बाप्पा," मोठीआई हार गळ्यात घालत म्हणाली, "गोरा राजा वागवला तेवढा पुरे. वरून डुक्कर कायले?"